विमानांच्या गोंगाटाचे विक्रेय परवाने

विमानतळाभोवती वर्षभरात किंवा एका मोसमात एकूण किती गोंगाट चालेल याची मर्यादा आधी ठरवायची, तिचे छोटे वाटे करून परवाने काढायचे आणि ते विमान कंपन्यांना आपसांत खरेदी-विक्रीसाठी मोकळे ठेवायचे, अशी ही योजना आहे. ज्या कंपनीकडे जुनी, कर्कश विमाने आहेत तिला जास्त परवाने लागतील. जिने शांत इंजिनांची विमाने घेतली तिचे परवाने उरतील आणि ते विकून तिचा खर्च काही अंशी भरून निघेल. पूर्ण रूपात ही योजना आजवर एकाही मोठ्या विमानतळावर राबवलेली नाही. तिचे तुकडे मात्र बऱ्याच ठिकाणी सापडतात.

मूळ कल्पना धुराच्या आणि सांडपाण्याच्या संदर्भात पुढे आली. कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ जॉन डेल्स यांनी १९६८ मध्ये प्रदूषणाचे हक्क बाजारात आणावेत असे सुचवले. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने वीजनिर्मिती केंद्रांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसाठी असा बाजार उभा केला. तो १९९५ पासून चालू झाला. भारतात सुरतच्या कारखान्यांच्या धुरातील कणांसाठी २०१९ मध्ये असाच बाजार सुरू झाला.

धुराचे गणित गोंगाटाला तसेच्या तसे लागू होत नाही. सल्फर डायऑक्साइड वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर पसरतो, म्हणून एका चिमणीने सोडलेला टन आणि दुसरीने सोडलेला टन ढोबळमानाने सारखे धरता येतात. विमानाचा आवाज ज्या गल्लीवर पडतो तिथेच पडतो आणि मिनिटभरात संपतो. दुपारी बाराचा आवाज आणि पहाटे चारचा आवाज डेसिबलमध्ये सारखे असले, तरी झोपलेल्या माणसाला ते सारखे नसतात. परवाना विकता येण्यासाठी त्याला ठरलेले एकक लागते आणि एकक ठरवताना अशा विजातीय गोष्टी सारख्या धराव्या लागतात. या योजनेवरचे बहुतेक वाद इथूनच फुटतात.

एककाचा सर्वांत मुरलेला नमुना लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पाहायला मिळतो. तिथे आणि लंडनच्याच गॅटविक व स्टॅन्स्टेड येथे १९९३ पासून रात्रीच्या उड्डाणांसाठी गुणांची पद्धत आहे : विमान जितके कर्कश तितके त्याचे गुण जास्त, आणि मोसमभरातील सगळ्या गुणांच्या बेरजेला ठरलेली मर्यादा, म्हणजे कोटा. प्रत्येक विमानाच्या आवाज-प्रमाणपत्रावरील आकड्यांवरून त्याला गुण मिळतात : ०.२५, ०.५, १, २, ४, ८, १६. अलीकडे त्याखाली ०.१२५ ही पायरीही आली. पायऱ्या तीन-तीन डेसिबलच्या आहेत, कारण तीन डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते. उतरण्याचे आणि उडण्याचे गुण वेगळे असतात. बोइंग ७४७-४०० चे उड्डाण साधारणपणे ४ गुणांचे आणि उतरणे २ गुणांचे. तिच्याहून मोठ्या एअरबस ए३८० चे उड्डाण २ आणि उतरणे ०.५ गुणांचे. यात योगायोग नाही. ए३८० घेऊ पाहणाऱ्या कंपन्यांना हीथ्रोला रात्री-पहाटे ये-जा करायची होती, म्हणून विमान २ गुणांत बसलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता आणि त्यानुसार विमानाच्या रचनेत बदल झाले. गुणांच्या एका कोष्टकाने विमानाचा आराखडा बदलावा, हे या पद्धतीच्या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण.

आता गुणांचा हिशेब रहिवाशाच्या खिडकीतून पाहू. ४ गुणांच्या एका उड्डाणाऐवजी ०.५ गुणांची आठ उड्डाणे केली, तर कागदावर बेरीज तीच राहते. पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात. म्हणजे ०.५ गुणांचे विमान आठपट हलके वाटत नाही, निम्म्याच्या आसपास वाटते, आणि झोप मात्र एकदाऐवजी आठदा मोडू शकते. १९९३ ची मूळ योजना फक्त गुणांवर उभी होती. लंडनच्या रिचमंडसह काही स्थानिक परिषदा कोर्टात गेल्या. कायद्यात विमानांच्या संख्येची मर्यादा घालायला सांगितले आहे, नुसत्या गुणांची नव्हे, असे म्हणत न्यायालयाने ती योजना बेकायदा ठरवली. नंतर गुणांबरोबर संख्येचीही मर्यादा आली. हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळात वर्षाला ५,८०० फेऱ्यांची परवानगी आहे : हिवाळी मोसमात २,५५० आणि उन्हाळी मोसमात ३,२५०. त्यांतल्या बहुतेक पहाटे साडेचारनंतर उतरणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानांच्या असतात.

हीथ्रोच्या पद्धतीत बाजाराचा एक अंश आधीच आहे. एका मोसमात न वापरलेला कोटा मोसमाच्या मर्यादेच्या १० टक्क्यांपर्यंत पुढच्या मोसमात नेता येतो आणि तितकाच पुढून उसनाही घेता येतो. त्याहून जास्त उचलला तर जादा भागाची दुप्पट कपात होते. पण एका कंपनीने आपले गुण दुसरीला विकावेत असा खुला बाजार नाही. उतरण्या-उडण्याच्या वेळांचे मात्र सौदे होतात. २०१६ मध्ये ओमान एअरने हीथ्रोवरील वेळांच्या एका जोडीसाठी सुमारे साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. धावपट्टीवरच्या वेळेला इतका भाव येतो आणि त्या वेळी होणाऱ्या आवाजाला बाजारभावच नाही, ही विसंगती परवान्यांचे समर्थक वारंवार दाखवतात. मुद्दा बिनतोड आहे.

अमेरिकेत १९९० च्या विमानतळ-ध्वनी कायद्यानंतर जुनी ‘स्टेज २’ (आवाजाच्या वर्गवारीतल्या कर्कश गटाची) जेट विमाने १९९९ अखेर बाद करायची होती. प्रत्येक कंपनीला अशा विमानांची एक मूळ संख्या धरून दिली होती आणि ती टप्प्याटप्प्याने घटवायची होती. विमान विकताना त्याबरोबर ही मूळ संख्याही विकत घेणाऱ्याला देता येई. विमानाशिवाय नुसती संख्या देता येत नसे. म्हणजे परवाना होता, हस्तांतरही होते, पण सुटा बाजार नव्हता.

सिद्धान्ताच्या बाजूने सर्वांत नेमकी मांडणी ब्रुसेल्सच्या भांडणातून आलेली दिसते. तिथला विमानतळ बेल्जियमच्या फ्लेमिश (डचभाषक) प्रदेशात, विमाने जातात ती बऱ्याच अंशी ब्रुसेल्स शहरावरून, आणि दोन्ही प्रदेशांची सरकारे वेगळी. गोंगाट एकाच भागावर पडू नये म्हणून बेल्जियमचे मंत्री बर्ट आन्स्यो यांनी २००४ च्या सुमारास उड्डाणे सगळीकडे विखुरण्याची योजना आणली. सगळ्यांचीच ओरड सुरू झाली. रात्रीची उड्डाणे वाढवायला परवानगी न मिळाल्याने डीएचएल या कुरियर कंपनीने आपले मुख्य केंद्र २००८ मध्ये जर्मनीतील लाइपझिगला हलवले.

या पार्श्वभूमीवर थिएरी ब्रेशे आणि पिएर पिकार या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलेल्या आराखड्यात विमानतळाभोवतीच्या परिसराचे पट्टे पाडले जातात. प्रत्येक पट्ट्यातील रहिवाशांचे प्रतिनिधी आपल्या डोक्यावरच्या आवाजाचे परवाने विकायला काढतात आणि कंपनीला आपल्या मार्गाखालच्या सगळ्या पट्ट्यांचे परवाने घ्यावे लागतात. जागेचा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने हाताळला आहे, कारण एका वस्तीचा परवाना दुसऱ्या वस्तीवर चालत नाही. पट्ट्यांनी डावपेच खेळले तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही, मात्र काही रहिवाशांना अनपेक्षित घबाड मिळू शकते, असे त्यांनी दाखवले. एक अडचण मात्र राहतेच. भरपाई वस्तीला मिळू लागली की तिथल्या घरांचे भाव आणि भाडी चढतात, म्हणजे पैसा घरमालकाकडे आणि जागरण भाडेकरूकडे.

पहिल्यांदा परवाने कोणाला द्यायचे हा प्रश्न अर्थशास्त्रापेक्षा राजकारणाचा आहे. जुन्या वापरानुसार कंपन्यांना फुकट वाटले, तर आवाज करणे हा त्यांचा हक्क ठरतो. रहिवाशांना दिले, तर शांतता त्यांची मालमत्ता ठरते. हीथ्रोजवळच्या रहिवाशांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात नेलेल्या हॅटन खटल्यात हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला होता. २००१ मध्ये निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. २००३ मध्ये मोठ्या पीठाने तो फिरवला आणि रात्रीच्या उड्डाणांबाबत आर्थिक हिताचा तोल साधण्याची मोकळीक सरकारला दिली.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या धोरणात आधी शांत विमाने, जमिनीच्या वापराचे नियोजन आणि उड्डाणाच्या पद्धतीतले बदल पाहायचे असतात; वाहतुकीवरचे निर्बंध हा पहिल्याच झटक्याला वापरायचा उपाय नाही. मर्यादा घालून काढलेले परवाने या निर्बंधांतच मोडतात. त्यामुळे एखाद्या विमानतळाला ते आणायचे असतील, तर आधीचे उपाय अपुरे पडल्याचे दाखवावे लागते.

मुंबईचा या विषयाशी संबंध दोन बाजूंनी येतो. युरोपातील बऱ्याच विमानतळांवर रात्री विमाने उतरवायला मज्जाव किंवा मर्यादा असते, म्हणून सकाळी तिथे पोचणारी विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघतात. वेळापत्रकामागे जोडउड्डाणांसारखी इतर कारणेही आहेत, पण तिकडच्या शांततेचा काही भार विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपरच्या रात्रींवर पडतो. दुसरी बाजू नियमांची. केंद्र सरकारने २०१८ मध्ये विमानतळ परिसरासाठी दिवसाच्या आणि रात्रीच्या आवाजाची मानके ठरवली. मानक म्हणजे परवाना नव्हे : ते एका जागी किती डेसिबल चालतील ते सांगते, कोणत्या कंपनीच्या वाट्याला त्यातले किती ते सांगत नाही.