परिक्रमेच्या वाटेवरच्या कुट्या आल्या कुठून?

इंदूरच्या मराठी घरांत कोणी ना कोणी नर्मदा परिक्रमा करून आलेलं असतंच, आणि आल्यावर देवळांपेक्षा जास्त गोष्टी निघतात त्या मुक्कामाच्या, कुठे एका खोलीची कुटी, कुठे पत्र्याची शेड, कुठे कुणाची ओसरी.

याचं मूळ परिक्रमेच्या नियमांतच आहे. मैया कायम उजव्या हाताला, मध्ये कुठेही ओलांडायची नाही आणि सगळं पायी, परंपरेने ३ वर्षं ३ महिने १३ दिवस. नदी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ धरून अडीच हजारांच्या वर चाल झाली. त्यात चातुर्मासात चालायचं नाही, एका जागी आसन लावायचं. आता चार महिने पावसात माणूस राहणार कुठे, तर साधू काठावर कुटी उभी करायचा, गावातून सदाव्रत म्हणजे पीठ-डाळ-तांदूळ मिळायचं, तो पुढे गेला की दुसरा कोणी येऊन राहायचा, आणि यातल्याच काही कुट्यांचे नंतर आश्रम झाले.

पक्कं बांधकाम म्हटलं की अहिल्याबाई आल्याच (कारकीर्द १७६७ ते १७९५). राजधानी महेश्वर, अगदी काठावर. घाट, विहिरी, धर्मशाळा, आणि धर्मकार्याचा हा खर्च राज्याच्या तिजोरीतून नाही तर खासगीतून. मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

पण बडवानीच्या पुढे शूलपाणीची झाडी, म्हणजे डोंगरातलं जंगल लागतं, तिथे असलं काही नव्हतं. पूर्वी लुटलं जाण्याची भीती असायची, लोक जवळचं सामान जाणार हे धरूनच आत शिरायचे. आसरा एकच, भिल्ल लोकांची घरं, सागाचे खांब, बांबूच्या तट्ट्यांवर शेणमातीचा लेप, वर कौलं. ज्यांची भीती घातली जायची त्यांच्याच घरी आज परिक्रमावासी "नर्मदे हर" म्हणत उतरतात, हे मुद्दाम सांगायला हवं.

मग धरणं आली. २००४ मध्ये इंदिरा सागर धरणाच्या पाण्यासाठी हरसूद हे अख्खं गाव उठवलं गेलं, २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या सरदार सरोवराचं लोकार्पण झालं, जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्याखाली गेलं आणि नवं गोरा गावात बांधलं. काठाची वाट बुडाली तसे मुक्कामही वर रस्त्याकडे सरकले, शाळेची खोली, पंचायत भवन, देवळाचा हॉल. गाडीने परिक्रमा करणाऱ्यांना ते सोयीचंच आहे, पायी चालणाऱ्याला मात्र पाण्याला मोठा वळसा पडतो आणि अंधाराच्या आत पोचायचं म्हणजे धावपळ होते, तिथे अजूनही आधार असतो तो डोंगरातल्या एखाद्या पाड्यावरच्या ओसरीचाच.