नवा राउट जगभर पोहोचतो किती वेळात: पार्श्वभूमी

इंटरनेटवरची नेटवर्के आपापले राउट, म्हणजे पत्त्यांपर्यंतचे मार्ग, एकमेकांना बीजीपी या प्रोटोकॉलने कळवतात. त्याचा पहिला दस्तऐवज जून १९८९चा, तर आज चालते ती चौथी आवृत्ती नव्वदच्या दशकाच्या मध्यातली. वेगाचा वाद मात्र त्यानंतरचा आहे.

नवा प्रीफिक्स (आयपी पत्त्यांचा गट) साधारण मिनिटा-दोन मिनिटांत बहुतेक नेटवर्कांत दिसू लागतो. मागे घेतलेला राउट पुसला जायला जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक राउटर आधी उरलेले लांबचे मार्ग एकेक करून पाहतो. ते मार्गही मेलेलेच असतात, पण तोवर शेजाऱ्यांना कळवून झालेले असते. त्यात दोन अपडेटांमध्ये ३० सेकंद थांबण्याची जुनी शिफारस. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत बिघाडानंतर पर्यायी मार्ग धरायला सरासरी तीन मिनिटे लागली. काही वेळा हा गोंधळ पंधरा मिनिटांपर्यंत चालला.

खरा वाद डॅम्पिंगचा. त्या काळच्या राउटरांचे प्रोसेसर अशक्त होते आणि सतत चालू-बंद होणाऱ्या लिंका सगळ्यांनाच त्रास देत. म्हणून १९९८मध्ये डॅम्पिंगचा नियम लिहिला गेला: राउट हलला की पेनल्टी, आणि ती मर्यादेपलीकडे गेली की राउट काही काळ दाबून ठेवायचा. हेतू चांगला होता. पण एका ठिकाणचे एकच विथड्रॉल (राउट मागे घेणे) दूरच्या राउटरला वर सांगितलेल्या शोधाशोधीमुळे चार-पाच बदलांसारखे दिसते. प्रचलित डिफॉल्टमध्ये एका विथड्रॉलला १००० पेनल्टी आणि मर्यादा २०००. म्हणजे एकदाच बंद होऊन परत आलेला निर्दोष प्रीफिक्स तासभर गायब राहू शकत होता. ज्याने जास्त अपस्ट्रीम (इंटरनेटशी जोडून देणारे पुरवठादार) घेऊन काळजी घेतली, त्यालाच ही शिक्षा होण्याचा संभव अधिक. २००२च्या अभ्यासाने हे दाखवून दिले, तरी डॅम्पिंग बंद ठेवण्याची ऑपरेटरांची लेखी शिफारस यायला २००६ उजाडले. हा उशीर समर्थनीय नव्हता. २०१३-१४मध्ये तेच तंत्र परत आणले गेले, पण मर्यादा ६००० करून, म्हणजे फक्त अतोनात हलणारे मोजके प्रीफिक्स सापडतील अशी. ही दुरुस्ती योग्यच. पण जुने डिफॉल्ट बदलायला हवेत, आणि ते ज्याचे त्याने बदलायचे असतात.

वेग नेहमीच हिताचा नसतो. फेब्रुवारी २००८मध्ये एका देशापुरती असलेली व्हिडिओ साइटची बंदी राउटच्या चुकीच्या अनाउन्समेंटमुळे (जाहीर करण्यामुळे) काही मिनिटांत जगभर पसरली. त्यामुळे फिल्टर (चुकीचे राउट अडवणारे नियम) आणि आरपीकेआय (पत्ते कोणाचे हे डिजिटल सहीने पडताळण्याची व्यवस्था) यांचा आग्रह वाढला. आता अडथळा बहुधा बीजीपीच्या बाहेर असतो: प्रीफिक्सवर दुसऱ्याच ओरिजिनचा (तो जाहीर करणाऱ्या नेटवर्कचा) आरओए, म्हणजे आरपीकेआयमधली सही केलेली परवानगी-नोंद, असेल, तर पडताळणी करणारी नेटवर्के नवा राउट टाकून देतात. दुरुस्त आरओए त्यांच्या कॅशपर्यंत (साठवलेल्या प्रतीपर्यंत) पोहोचायला काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ जाऊ शकतो. रजिस्ट्रीवरून (राउटांच्या सार्वजनिक नोंदवहीवरून) बनणारे फिल्टर तर अनेक ठिकाणी दिवसातून एकदाच नव्याने तयार होतात. म्हणून नोंदी आदल्या दिवशी करून मग प्रीफिक्स जाहीर करावा.