आधी घर, मग पब

'पब' म्हणजे 'पब्लिक हाऊस'. यातला 'हाऊस' हा शब्द आपल्या कानावरून निसटतो, पण इंग्लंडच्या खेड्यातल्या पबची गोष्ट तिथूनच सुरू होते. मध्ययुगात एल, म्हणजे हॉप्स न घातलेली जुन्या पद्धतीची बिअर, करणं हे बायकांचं घरकाम होतं. मोड आणलेल्या सातूची एल घरापुरती करायची, उरली तर दाराबाहेरच्या काठीला झुडपाची जुडी बांधायची. जुडी दिसली की शेजारी हजर. ही एल फार टिकत नसे, त्यामुळे विकायची घाईही असायची. पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून हॉप्स या वेलीची कडवट फुलं आली, ती घातलेली बिअर टिकू लागली आणि धंदा हळूहळू चुलीपासून मोठ्या कारखानदारांकडे सरकला.

1552 मध्ये परवाना सक्तीचा झाला. तो द्यायचा की नाही, हे स्थानिक न्यायदंडाधिकारी ठरवत. मोठा बदल घडवला तो मात्र 1830 च्या कायद्याने. लोकांनी जिनऐवजी बिअर प्यावी आणि बड्या बिअरवाल्यांची मक्तेदारी मोडावी, हा हेतू. घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी (त्या काळचं इंग्रजी नाणं) भरून बिअर विकायची मुभा मिळाली, दंडाधिकाऱ्याची मर्जी राखण्याची गरज उरली नाही. लोहार, सुतार यांनीही आपली पुढची खोली उघडली. वर्षभरात हजारो बिअरघरं निघाली. 1869 मध्ये सरकारने दोर पुन्हा आवळला. आज 'फार पुरातन' म्हणून दाखवले जाणारे कितीतरी पब याच चार दशकांतले आहेत.

पाट्या मात्र जुन्याच परंपरेतल्या. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र हवं, म्हणून नांगर, गव्हाची पेंढी, तांबडा सिंह. 'रॉयल ओक' हे नाव गावोगाव दिसतं. 1651 मध्ये वूस्टरची लढाई हरलेला राजा दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या ओक वृक्षात लपला होता, त्याची ही आठवण.

'पबमध्ये सगळे समान' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. पुष्कळ पबांना दोन दारं असत. चिखलाचे बूट घातलेला शेतमजूर पब्लिक बारमध्ये; गालिचा अंथरलेल्या सलून बारमध्ये बडे शेतकरी, आणि तिथे तीच बिअर थोडी महाग! मधल्या भिंती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडू लागल्या.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीत राहावेत म्हणून दुपारी पब बंद ठेवायचा नियम आला. युद्धापुरती केलेली ही सोय 1988 पर्यंत टिकली. तात्पुरत्या नियमांचं आयुष्य तिकडेही असंच!

पुढचा घाव मालकीवर बसला. बहुतेक पब बिअर कंपन्यांचे, चालक त्यांचे भाडेकरू, आणि बिअरही त्यांच्याकडूनच घ्यायची. 1989 मध्ये सरकारने दोन हजारांहून जास्त पब असलेल्या कंपन्यांना वेसण घातली. त्यांनी पब विकले आणि ते बिअर न बनवणाऱ्या, मुख्यतः मालमत्ता सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या हाती गेले. चालकाला होणारा जाच तसाच राहिला, फक्त मालक बदलला. त्यात सुपरमार्केटची स्वस्त बिअर आणि 2007 ची धूम्रपानबंदी. दुकान, पोस्ट आधीच गेलेल्या खेड्यांत पबही बंद होऊ लागले.

उत्तर इंग्लंडमधल्या कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने 2003 मध्ये वेगळी वाट धरली. तिथला 'ओल्ड क्राउन' लोकांनी सहकारी संस्था काढून विकत घेतला. 2011 च्या कायद्यानंतर इंग्लंडमधल्या गावांना आपला पब 'सामुदायिक मोलाची मालमत्ता' म्हणून नोंदवता येतो. असा पब विक्रीला निघाला, तर पैसे जमवायला गावाला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. पण गावालाच विकण्याचं बंधन मालकावर नाही.