जनावर कुणाचं?

आमच्या परभणीकडच्या खेड्यात दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. ‘जनावर निघालं’, ‘लांबडं दिसलं’ एवढंच म्हणायचं. चावलं तर ‘पान लागलं’. जिथं नावसुद्धा टाळतात तिथं साप घरात ठेवायचा विचार कुणाला सुचणार? तरी सापावर पोट असणारी माणसं होतीच. नागपंचमीला गारुडी टोपली घेऊन दारात बसायचा, पुंगी वाजवायचा, बायका हळदकुंकू वाहायच्या. त्या नागाचे दात पाडलेले असायचे, कधी तोंडही शिवलेलं. साप दूध पीत नाही; तहानेला ठेवलेला नाग वाटीत तोंड घालायचा आणि आम्ही हात जोडायचो. नाग मेला की टोपलीत दुसरा यायचा. तो कुठून आला, आधीच्याचं काय झालं, हे कुणी विचारत नव्हतं.

विचारणारा कायदा आला तो १९७२ साली. बहात्तर म्हटलं की मराठवाड्याला दुष्काळ आठवतो, खडी फोडायची कामं आठवतात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला, हे इथं फारसं कुणाच्या लक्षात नाही. या कायद्यानं रानातला प्राणी नुसता पकडणं हीसुद्धा शिकार ठरली. आपला भारतीय अजगर परिशिष्ट एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. त्याला घरात ठेवलं तर किमान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात. ऊसतोडीत अजगराचं पिल्लू सापडलं आणि पोरांनी हौसेनं बादलीत घालून घरी नेलं, तर ते ‘पाळणं’ होत नाही, गुन्हा होतो.

मग सर्पमित्र आले. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. गावोगावच्या पोरांनी त्यातला धडा किती घेतला आणि धाडस किती, हा वादाचा विषय आहे. मारायच्या आधी सर्पमित्राला फोन करायची सवय मात्र आपल्याकडे रुजली, हे मोठंच काम. पण त्यातल्याच काहींच्या घरी पलंगाखाली बरण्या साचल्या. सोडायचा साप चार दिवस ठेवायचा, कुणी आलं की काढून दाखवायचा, अजगर असला तर गळ्यात घालून फोटो. गारुड्याची टोपली गेली, बरणी आली.

विदेशी साप पाळायची आताची हौस वेगळ्याच वाटेनं आली. बहात्तरच्या कायद्याचा सगळा भर देशी प्राण्यांवर. आफ्रिकेतला बॉल पायथन त्यात बसत नव्हता, त्यामुळे एकदा देशात शिरलेला साप कुणाच्या घरात आहे, याची नोंदच नव्हती. जून २०२० मध्ये केंद्रानं योजना काढली, की सहा महिन्यांत असे विदेशी प्राणी जाहीर करा, कागद मागणार नाही. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या यादीतल्या प्राण्यांपुरती. बॉल पायथन त्या यादीत आहे, अमेरिकेचा कॉर्न स्नेक नाही.

पण कागद झाला तरी साप वाढायचा राहत नाही. बॉल पायथन चार-पाच फुटांवर थांबतो, वीस-तीस वर्षं जगतो. बर्मीज पायथन पंधरा फुटांपुढेही जातो. (हा ईशान्य भारतातलाही आहे, म्हणून तो पाळणं इथं गुन्हाच.) अजगर विषारी नसतो. त्याचा विळखा रक्ताभिसरण थांबवतो, आणि ते फार लवकर होतं. म्हणून जाणते पाळणारे सात-आठ फुटांपुढच्या सापाला एकट्यानं हात लावत नाहीत. उंदराचा वास हाताला असताना पेटीत हात घालत नाहीत, आणि झाकणाला कुलूप असतंच. २०१३ मध्ये कॅनडातल्या कॅम्पबेलटन गावात घरात ठेवलेला आफ्रिकी अजगर हवेच्या नळीतून निसटला आणि झोपलेली दोन भावंडं त्यानं मारली. मालकावर खटला चालला, २०१६ मध्ये तो निर्दोष सुटला. फ्लोरिडात कंटाळलेल्या लोकांनी सोडलेले आणि निसटलेले बर्मीज पायथन दलदलीत इतके माजले, की तिथले ससे-रॅकून दिसेनासे झाले.

संभाजीनगरात सिडकोतल्या एका मित्राकडे मी बॉल पायथन पाहिला. प्लॅस्टिकचा डबा, सोल्डरिंगच्या गनने पाडलेली भोकं, खाली ऊब देणारी गादी, पाण्याचं भांडं. कात टाकायला आला होता. डोळ्यांवर दुधाळ पडदा चढलेला. ‘आत्ता हात लावायचा नाही, चिडतो,’ मित्र म्हणाला. सापाला ऊब हवी बत्तीस अंशांच्या आसपास. डिसेंबरात ती द्यावी लागते, आणि मे महिन्यात स्लॅबखालच्या त्या खोलीत पारा चाळिशीपार, तेव्हा उलट गार ठेवावं लागतं. लाइट गेली की कूलरची वायर इन्व्हर्टरवर टाकायची, हे त्यानं आईला शिकवून ठेवलंय.

नोंदणीचा कागद मित्राच्या नावावर आहे. मित्र आठवड्यातले पाच दिवस पुण्यात असतो.

‘मग रात्री बघतं कोण?’ मी विचारलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘जनावराला बघायला मीच की.’