वीजनिर्मिती केंद्र : परिभाषा व कुशल व्यवसाय

वीजनिर्मिती केंद्रात यंत्राला प्रत्यक्ष हात लावणारे जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), उपकरण यांत्रिकी (मापन व नियंत्रणाची उपकरणे सांभाळणारा), रिगर (जड यंत्रे उचलून हलवणारा) अशा कारागिरांचे व्यवसाय आणि त्यांच्या रोजच्या वापरातील परिभाषा यांचा परिचय या नोंदीत दिला आहे. विवेचन मुख्यतः महाराष्ट्रातील कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांपुरते आहे. राज्यातील बहुतेक कारागीर याच केंद्रांत तयार झाले आणि इथली भाषाच पुढे वायू, जल व सौर प्रकल्पांत गेली.

या क्षेत्रातले जवळपास सगळे शब्द आणि सगळी कौशल्ये एका अडचणीतून निघतात. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजूनही महाग आहे, म्हणून ती मागणी असेल त्याच क्षणी तयार करावी लागते. मागणी आणि निर्मितीचा मेळ बसला तर वीजजाळ्याची (ग्रिडची) वारंवारता 50 हर्ट्झच्या आसपास राहते. निर्मिती कमी पडली की ती घसरते, जास्त झाली की चढते. जाळ्याला जोडलेले प्रत्येक जनित्र याच तालावर फिरते. औष्णिक संचाचे (बॉयलर, टर्बाइन व जनित्र मिळून एक संच) दोन ध्रुवांचे जनित्र मिनिटाला 3000 फेरे घेते. तिथे ‘मशीन जरा थांबवू, बघू आणि पुन्हा सुरू करू’ अशी सोय नसते. थंड झालेला मोठा संच पुन्हा पूर्ण भारावर, म्हणजे पूर्ण क्षमतेवर, यायला बरेच तास लागतात.

राज्यातील केंद्रे

महाराष्ट्रातील वीजनिर्मितीचा पाया पाण्यावर घातला गेला. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले, त्यामागून भिवपुरी आणि भिरा आली. ठाकुर्लीचे चोळा वीजघर रेल्वेने आपल्या गाड्यांसाठी उभारले. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. साठीच्या दशकात कोयना आले आणि त्यानंतर भर कोळशाकडे वळला. विदर्भातल्या खाणींजवळ कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर ही केंद्रे उभी राहिली. पारस, भुसावळ, नाशिकजवळचे एकलहरे आणि परळी या केंद्रांकडे मात्र कोळसा दुरून रेल्वेने येतो. 6 जून 2005 रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती महानिर्मितीकडे, पारेषण महापारेषणकडे आणि वितरण महावितरणकडे गेले. बाहेरच्या लोकांच्या बोलण्यात तिन्ही अजून ‘एमएसईबी’च आहेत. नोकरी शोधणाऱ्याने मात्र हा फरक लक्षात ठेवावा. खांबावर चढणारा लाइनमन महावितरणचा, तर बॉयलरच्या मजल्यांवर फिरणारा तंत्रज्ञ महानिर्मितीचा असतो. दोघांच्या कामात साम्य फार थोडे आहे.

चंद्रपूर हे यांतले सर्वांत मोठे केंद्र आहे. 210 मेगावॉटचे दोन व 500 मेगावॉटचे पाच संच मिळून त्याची क्षमता 2920 मेगावॉट होते. कोराडीत 660 मेगावॉटचे तीन संच आहेत. ते ‘सुपरक्रिटिकल’ प्रकारचे आहेत, म्हणजे त्यांत पाणी क्रांतिक दाबाच्या, सुमारे 221 बारच्या, वर नेले जाते. तिथे पाणी आणि वाफ यांतली सीमा उरत नाही आणि जुन्या बॉयलरचा ओळखीचा ड्रमही नसतो.

मोजण्याची भाषा

मेगावॉट ही क्षमता आणि युनिट ही प्रत्यक्ष तयार झालेली वीज. वर्तमानपत्रांत या दोन शब्दांची अदलाबदल इतकी होते की खुलासा आवश्यक ठरतो. 210 मेगावॉटचा संच पूर्ण भाराने दिवसभर चालला तर सुमारे 50 लाख युनिट तयार होतात. त्यासाठी कोळशाच्या प्रतीनुसार तीन ते चार हजार टन कोळसा जळतो. तयार झालेली सगळी वीज बाहेर जात नाही. पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या यांना लागणाऱ्या विजेला ‘ऑक्झिलरी’ म्हणतात. जुन्या 210 मेगावॉट संचांत ती निर्मितीच्या नऊ-दहा टक्क्यांपर्यंत जाते, मोठ्या संचांत कमी असते.

‘पीएलएफ’ म्हणजे संयंत्र भारांक. 500 मेगावॉटचा संच वर्षभर अखंड पूर्ण भाराने चालला तर 438 कोटी युनिट होतील. त्यांपैकी 306 कोटी झाली तर भारांक सुमारे 70 टक्के. उपलब्धता ही वेगळी गोष्ट आहे. संच तयार उभा असला पण ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राने त्याच्याकडून वीज मागितली नाही, तर भारांक घसरतो, उपलब्धता घसरत नाही. केंद्राला मिळणारा स्थिर आकार, म्हणजे वीज घेतली नाही तरी मिळणारी रक्कम, उपलब्धतेशी बांधलेला असल्याने हा भेद निव्वळ शाब्दिक नाही. महाग वीज देणाऱ्या संचाला मागे ठेवून स्वस्त वीज आधी घेण्याच्या क्रमाला ‘मेरिट ऑर्डर’ म्हणतात. भार कमी करायला सांगणे म्हणजे ‘बॅकिंग डाउन’. संच आपोआप बंद पडला तर ‘ट्रिप झाला’, ठरवून बंद केला तर ‘शटडाऊन’. ‘आउटेज’मध्ये दोन्ही येतात, फक्त एक सक्तीचे असते आणि एक नियोजित.

कोळसा विभाग

रेल्वेचा रेक (कोळशाची मालगाडी) आला की वाघिणी ‘टिपलर’वर उलट्या होतात. मग कोळसा क्रशरमधून पट्ट्यांवरून बंकरमध्ये पडतो आणि तिथून चक्कीत जाऊन पिठासारखा बारीक होतो. विभाग धुळीचा, आवाजाचा आणि प्रतिष्ठेने सर्वांत खालचा मानलेला. हा मान चुकीचा आहे. पावसाळ्यात ओला कोळसा च्यूटमध्ये (खाली सोडणाऱ्या उतरत्या नळीत) चिकटला की सगळ्या केंद्राचा भार उतरतो, आणि त्या वेळी पहारी घेऊन उभी असलेली माणसे नियंत्रण कक्षातल्या कोणाहीपेक्षा महत्त्वाची असतात. पट्टा फाटला तर तो गरम दाबून जोडणे हे वेगळे कसब आहे. भारतीय कोळशात राख 35 ते 40 टक्क्यांपर्यंत निघते. ती पाण्यात कालवून किंवा कोरडीच बाहेर नेण्याची व्यवस्था हा वेगळाच संसार आहे.

बॉयलर व संधाता

संच बंद पडण्याचे नेहमीचे आणि खर्चिक कारण म्हणजे ‘ट्यूब लीकेज’. बॉयलरच्या भिंती म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या नळ्या. आत पाणी किंवा वाफ, बाहेर आग. 210 मेगावॉटच्या संचात वाफ सुमारे 540 अंश सेल्सियस आणि दर चौरस सेंटिमीटरला 150 किलोच्या आसपास दाबाने टर्बाइनकडे जाते. राखेच्या माऱ्याने नळी बाहेरून झिजते, पाण्यातल्या दोषाने आतून कुरतडली जाते. मग बारीक भोक पडते. त्यातून सुटणारी वाफ शेजारची नळी कापते, ती तिच्या शेजारची. म्हणून गळती कानावर आल्यावर ‘आजचा दिवस ढकलू’ हा निर्णय बहुधा महागात पडतो. अनुभवी ऑपरेटर पाहणी-झरोक्यापाशी उभा राहून आवाजावरून गळतीची जागा अंदाजाने सांगतो.

संच बंद करून भट्टी निवल्यावर आत पाड (परांची) बांधला जातो. जोडारी खराब तुकडा कापून काढतो आणि नव्या तुकड्याच्या कडा नेमक्या कोनात घासून देतो. त्यानंतर संधात्याची पाळी. पहिला थर टिग पद्धतीने, वरचे थर बहुतेकदा आर्कने. दोन नळ्यांमधल्या फटीत बोट जेमतेम शिरते, नळीची मागची बाजू दिसत नाही. तिथे आरसा लावून, त्यातल्या उलट्या प्रतिमेकडे पाहत जोड भरावा लागतो. हे काम शिकवून येत नाही असे म्हणतात. येते, पण थोड्यांनाच आणि उशिरा. जोडाचा एक्स-रे काढतात, मग बॉयलर पाण्याने भरून दाब देतात. याला कामगार ‘हायड्रो’ म्हणतात. हायड्रोत जोड गळला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

असा जोड कोणीही भरू शकत नाही. भारतीय बॉयलर विनियमांनुसार परीक्षा उत्तीर्ण झालेला, बोलीभाषेत ‘आयबीआर वेल्डर’च, या नळ्यांवर काम करतो. राज्यात ही परीक्षा बाष्पके संचालनालय घेते. प्रमाणपत्राची मुदत संपली की ते नव्याने घ्यावे लागते. वेल्डरांच्या कसोट्यांत ‘6जी’ ही स्थिती कठीण समजतात. तीत नळी 45 अंशांत पक्की बसवलेली असते, ती फिरवता येत नाही, म्हणून संधात्यालाच तिच्याभोवती फिरावे लागते. नव्या संचांत ‘पी 91’ जातीचे पोलाद वापरतात. ते वेल्डिंगआधी तापवावे लागते आणि नंतर सुमारे 760 अंशांवर ठरावीक वेळ ठेवून सावकाश निववावे लागते. घाई केली तर जोड वरून सुबक दिसतो आणि काही महिन्यांनी तडकतो. 1923 चा बॉयलर कायदा शंभर वर्षे टिकला, 2025 मध्ये नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. बॉयलर चालवणाऱ्यांसाठी ‘बॉयलर अटेंडंट’ची परीक्षाही याच व्यवस्थेत येते.

टर्बाइन विभागातील जोडारी

बॉयलरवरचा जोडारी घण, पान्हा आणि कापणी-घासणीत वाकबगार असतो. टर्बाइनवरचा जोडारी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवतो. दोन शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे तो डायल गेज लावून पाहतो. बेअरिंगच्या आतला पांढरा मऊ धातू हाताने खरवडून बसवतो. संच बंद झाला तरी तापलेला रोटर तसाच सोडत नाहीत, कारण स्वतःच्या वजनाने आणि असमान निवण्याने तो वाकेल. म्हणून ‘बारिंग गियर’ लावून तो कित्येक तास हळूहळू फिरवत ठेवतात. त्या वेळी बेअरिंगला तेल मिळत राहणे ही जिवाची बाब असते, त्यासाठी बॅटरीवर चालणारा वेगळा पंप सज्ज असतो. ओव्हरहॉलमध्ये, म्हणजे संच उघडून केलेल्या मोठ्या दुरुस्तीत, टर्बाइनचे झाकण उघडते तेव्हा रिगर आणि क्रेनचालक यांचे राज्य असते. कित्येक टनांचा रोटर पात्यांना धक्का न लागता उचलायचा असतो. तिथे मोठा आवाज एकाच माणसाचा चालतो, इशारा देणाऱ्याचा.

वीजतंत्री व उपकरण यांत्रिकी

210 मेगावॉटच्या जनित्रातून वीज 15.75 किलोव्होल्टला बाहेर पडते, 500 मेगावॉटच्या जनित्रातून 21 किलोव्होल्टला. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) तो दाब 220 किंवा 400 किलोव्होल्टपर्यंत चढवते. वीजतंत्र्याचा रोजचा वेळ मात्र यांपेक्षा पंप-पंख्यांच्या 6.6 किलोव्होल्टच्या मोटारींत, ब्रेकरांत आणि केबलींत जातो. मोठ्या जनित्रात थंडाव्यासाठी हायड्रोजन भरलेला असतो, त्यामुळे तिथे दुरुस्तीच्या आधी वायू बाहेर काढण्याचा क्रम काटेकोर पाळतात.

उपकरण यांत्रिकी हा तरुण व्यवसाय. पूर्वी सुईची घड्याळे आणि हवेवर चालणारी नियंत्रणे होती, आता पडदे आणि संगणकीय नियंत्रण आहे. तरी शेवटी तापमान मोजणारा थर्मोकपल कोणीतरी जाऊन बदलायचाच असतो. महत्त्वाची मापे तीन-तीन यंत्रांनी घेतात आणि तिघांपैकी दोघांचे म्हणणे जुळले तरच संच ट्रिप होतो. एका खोट्या मापामुळे शेकडो मेगावॉट जाऊ नयेत आणि खऱ्या धोक्याकडे दुर्लक्षही होऊ नये, यासाठी ही योजना.

परमिट

कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी ‘परमिट’ घेतात. चालवणारा विभाग यंत्र बंद करतो, वीजपुरवठा तोडतो, झडपा मिटून कुलूप-पाटी लावतो, गरज असेल तिथे अर्थिंग करतो आणि लेखी देतो. काम संपल्यावर ज्याच्या नावे परमिट असेल त्यानेच ते परत करायचे. तोंडी परवानगी, फोनवरची परवानगी, ‘पाच मिनिटांचे काम आहे’ या सबबीखाली घेतलेली परवानगी यांना नियमात जागा नाही. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर प्रदेशातील ऊंचाहार केंद्रात 500 मेगावॉटच्या नव्या संचाच्या बॉयलरचा स्फोट होऊन 40 हून अधिक लोक मरण पावले. भट्टीच्या तळाशी राख साचत गेली होती. संच बंद न करता ती काढण्याचे काम चालू होते. मृतांमध्ये कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने होते.

शिक्षण, भरती व कंत्राट

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत म्हणजे आयटीआयमध्ये प्रवेश हा मुख्य रस्ता. वीजतंत्री, जोडारी व तारतंत्री (वायरमन) हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, संधात्याचा एक वर्षाचा. त्यापुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली केंद्रातच उमेदवारी करता येते. महानिर्मितीत सुरुवात तंत्रज्ञ-3 पदापासून होते आणि तंत्रज्ञ-2, तंत्रज्ञ-1 अशी बढती मिळते. मधल्या काळात पदविका पूर्ण करून पर्यवेक्षकाच्या बाजूला जाणारेही असतात. प्रकल्पात जमिनी गेलेल्या कुटुंबांतील तरुणांसाठी प्रगत कुशल प्रशिक्षणार्थी योजना आहे. नागपूरला राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेचे केंद्र आणि कोराडीला महानिर्मितीचे प्रशिक्षण केंद्र आहे.

कायम पदे थोडी आणि कामे पुष्कळ, ही आजची स्थिती. ओव्हरहॉल, वेल्डिंग, पाड बांधणे, कोळसा व राख हाताळणे यांतले बरेच काम कंत्राटदारांमार्फत होते. कुशल आयबीआर वेल्डर एका केंद्राचा शटडाऊन संपवून दुसऱ्याकडे जातो, आणि अनेकजण आखाती देशांतल्या शटडाऊनच्या कामांवरही गेलेले आहेत. त्याचा मोसम चांगला जातो. हेल्पर म्हणून आलेल्याचा जात नाही, आणि वर्षानुवर्षे तेच काम करूनही हातात प्रमाणपत्र नसल्यामुळे तो हेल्परच राहतो. या क्षेत्रातली खरी दरी कायम आणि कंत्राटी यांच्याइतकीच प्रमाणपत्र असलेला आणि नसलेला यांच्यात आहे.

बदलते काम

दुपारी सौर वीज भरपूर मिळू लागल्याने औष्णिक संचांना दिवसा भार उतरवून संध्याकाळी झपाट्याने चढवावा लागतो. पूर्वी 55 टक्क्यांच्या खाली भार नेणे टाळत, आता 40 टक्क्यांपर्यंत चालवण्याची तयारी करायला सांगितले जात आहे. सतत एकाच तापमानावर चालण्यासाठी बांधलेल्या नळ्या, झडपा आणि रोटर यांवर या रोजच्या तापण्या-निवण्याचा ताण येतो. साहजिकच दुरुस्तीचे काम वाढते. सौर प्रकल्पांत बांधणीच्या वेळी हात पुष्कळ लागतात आणि नंतर थोडे पुरतात. पवनचक्क्यांना साताऱ्याच्या पठारांवर आणि धुळ्याकडे उंचावर चढून काम करणारे तंत्रज्ञ हवे असतात. घाटघरच्या 250 मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात तेच यंत्र मागणी असताना टर्बाइन म्हणून आणि स्वस्त वीज असताना पाणी वर चढवणारा पंप म्हणून उलटे फिरते. अशा प्रकल्पांची संख्या वाढली तर टर्बाइनवर हात बसलेल्या जोडाऱ्याला तिथे मागणी येईल, बॉयलरवरच्या संधात्याला मात्र तिथे फारसे काम नाही.