न उलगडता वाचलेली गुंडाळी

मृत समुद्राच्या पश्चिम काठावरचं एन गेदी हे ज्यू लोकांचं गाव इसवी सन 600 च्या सुमारास आगीत खाक झालं. 1970 मध्ये दान बाराग आणि योसेफ पोराथ तिथल्या सिनॅगॉगचं, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचं, उत्खनन करत होते. धर्मग्रंथ ठेवायच्या कपाटाच्या जागी त्यांना चामड्याच्या गुंडाळ्यांचे जळके तुकडे मिळाले. चुलीतल्या कोळशासारखे काळे, बोट लावलं की भुगा व्हावा असे. ते उलगडायच्या फंदात कोणी पडलं नाही. चाळीसहून अधिक वर्षं ते नुसते जपून ठेवले गेले.

या गोष्टीतलं सगळ्यात मोठं शहाणपण मला तरी इथंच दिसतं. एन गेदीच्या उत्तरेला कुमरान आहे. तिथल्या गुहांमध्ये 1947 पासून हस्तलिखितांचे हजारो तुकडे सापडत गेले. 1950च्या दशकात विद्वानांनी ते चक्क चिकटपट्टीने जोडले. तो गोंद काढता काढता पुढच्या पिढीतल्या जतनतज्ज्ञांच्या नाकी नऊ आले.

एन गेदीच्या एका गुंडाळीचं शेवटी मायक्रो-सीटी स्कॅन झालं. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनचाच हा प्रकार, फक्त कितीतरी बारीक: यातला एकेक ठिपका 18 मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. गुंडाळी इस्रायलमध्येच राहिली. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स यांच्याकडे गेला तो फक्त डेटा.

खरी मेहनत इथून पुढे. स्कॅनमध्ये अक्षरं दिसत नाहीत, दिसते ती कुठे किती घनता आहे एवढंच. चामड्याचे थर चेपून एकमेकांना चिकटलेले. त्यातून एकेका थराचा पृष्ठभाग संगणकावर तुकड्यातुकड्याने शोधायचा, त्या पृष्ठभागावरच्या घनतेनुसार उजेड-अंधार भरायचा, मग ते वाकडंतिकडं पान सपाट करून शेजारच्या तुकड्याला जोडायचं. असे पाच पूर्ण वेढे सुटले. शाईची घनता चामड्यापेक्षा जास्त होती, बहुधा तिच्यात धातूचा अंश असावा. म्हणून अक्षरं उजळ उमटली. हे नशीबच म्हणायचं. शाई साध्या काजळीची असती, तर जळक्या चामड्यात ती वेगळी ओळखणं महाकठीण झालं असतं.

निघाला तो हिब्रू बायबलमधल्या लेवीय या ग्रंथाचा मजकूर, पहिल्या दोन अध्यायांतला: होमात पशू आणि धान्य कसं अर्पण करायचं, त्याचे नियम. 35 ओळींपैकी 18 शाबूत होत्या, उरलेल्या 17 अंदाजाने भरता आल्या. 2016 मध्ये हे सगळं 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये प्रसिद्ध झालं.

या मजकुरात नवं काहीच नाही, आणि महत्त्व आहे ते त्यालाच. हिब्रू बायबलची आज प्रमाण मानली जाणारी परंपरा मध्ययुगीन पोथ्यांवर उभी आहे. त्यातली सर्वांत जुनी संपूर्ण पोथी 1008 सालची. कुमरानने दाखवून दिलं, की त्याआधी हजारेक वर्षं पाठ, म्हणजे मजकुराची नेमकी शब्दरचना, बराच अस्थिर होता. बायबलमधला यिर्मया या संदेष्ट्याचा ग्रंथ तिथे लांब आणि आखूड अशा दोन रूपांत सापडतो. 2020 मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या गटाने यिर्मयाच्या तुकड्यांचा डीएनए तपासला, तर काही तुकडे मेंढीच्या कातड्याचे निघाले, काही गाईच्या. त्या वाळवंटात गाई पाळणं अशक्यच, म्हणजे गाईच्या कातड्यावरच्या पोथ्या बाहेरून आलेल्या. पाठभेद फक्त कुमरानला राहणाऱ्या ज्यू पंथापुरते नव्हते, याला त्यामुळे बळ मिळालं.

एन गेदीत मात्र व्यंजनन्‌व्यंजन प्रमाण पाठाशी जुळतं. आज अलिबागच्या बेने इस्रायल समाजाच्या सिनॅगॉगमध्ये तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांच्या, गुंडाळीत हे अध्याय आहेत, तीच अक्षरं.

हा पाठ पक्का झाला कधी, याचं उत्तर गुंडाळीच्या वयावर अवलंबून आहे, आणि तिथे मतभेद आहेत. कार्बन-14 चाचणी तिसरं-चौथं शतक सांगते. अक्षराच्या वळणावरून प्राचीन हिब्रू लिपीच्या तज्ज्ञ आदा यार्देनी यांनी ती पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची ठरवली. गंमत म्हणजे कुमरानच्या बाबतीत नेमकं उलटं घडतंय: 2025 मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या गटाने कार्बन-14 आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची सांगड घालून तपासणी केली, तर तिथल्या बऱ्याच पोथ्या अक्षरतज्ज्ञांच्या अंदाजापेक्षा जुन्या निघाल्या.