तिथीची पाऊणपट

अलिबागहून कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटी साधावी लागते. त्यासाठी मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. पाऊणकी पाठ असलेल्यांना तो तोंडी जमतो. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. पहाटे तीनला भरती, दुपारी तीनलाही. मधे सहा-सहा तासांवर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास किल्ल्याची वाट मोकळी.

हा हिशेब जमतो कसा? आपण तिथीला तारखेची बहीण समजतो, पण तिथी हा खरं तर कोन आहे. पृथ्वीवरून पाहताना चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. 30 तिथ्या, 360 अंश, फेरी पूर्ण. आकाश आपल्याभोवती 24 तासांत फिरतं, तेव्हा 12 अंश म्हणजे 48 मिनिटं. दर तिथीला चंद्र साधारण तेवढा उशिरा उगवतो आणि त्याच्यामागून येणारी भरतीही तेवढीच लांबते. पाऊण तास आणि वर तीन मिनिटं. ही तीन मिनिटं पाऊणकीत गळतात. पौर्णिमेपर्यंत गळती पाऊण तासावर जाते: पंधरा पाऊण सव्वाअकरा, कोन मात्र बारा वाजवतो. वाळूतून चालणाऱ्याने एवढी सूट धरूनच निघावं.

संकष्टी करणाऱ्यांना हे गणित पोटातून कळलेलं असतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो. पुढे चार तिथ्या, चार वेळा 48 मिनिटं, म्हणजे तीन तासांहून थोडं जास्त. म्हणून चंद्रोदय नऊ-साडेनऊला, ऋतूप्रमाणे थोडा मागेपुढे, आणि तोवर मोदकांकडे नुसतं बघत बसायचं.

कलाही याच कोनाच्या. चंद्राचा अर्धा गोल कायम उन्हात असतो. त्यातला किती आपल्याकडे वळलाय एवढाच प्रश्न. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं चांगली शिकलेली माणसंही सांगतात. शुक्ल अष्टमीला ऊन असतानाच गच्चीवर जा. पांढरा चेंडू (सोललेलं अंडंही चालेल) उन्हात, चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरा. अर्धा उजळ, अर्धा काळा. चंद्राची तीच कला चेंडूवर. इथे पृथ्वीची सावली कुठून आणणार?

त्या अष्टमीला समुद्रही मरगळलेला असतो. चंद्र पृथ्वीची जवळची बाजू जास्त ओढतो आणि पलीकडची कमी, म्हणून दोन्ही अंगांना पाणी फुगतं आणि दिवसाला दोन भरत्या येतात. सूर्यही तेच करतो, चंद्राच्या निम्म्याहून थोड्या कमी जोराने. अष्टमीला दोघं काटकोनात, एकमेकांचं काम बिघडवतात: ही भांगाची भरती. अमावास्या-पौर्णिमेला तिघं एका रेषेत, ते उधाण. त्याचा खरा जोर एक-दोन दिवसांनी येतो.

पाऊणपट मात्र सगळीकडे चालत नाही. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली बदलली की वेळ बदलते, उंचीही. उधाणाला गोव्यात पाणी जेमतेम दोन मीटर चढतं, मुंबईत साडेचारच्या आसपास, आणि खंभातच्या आखातात, निमुळत्या जागेत कोंडल्यामुळे, भावनगरला दहा मीटरच्या घरात.

तिघं दर पंधरवड्याला एका रेषेत, मग दर पंधरवड्याला ग्रहण का नाही? कारण चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे. आकाशातलं चंद्रबिंब अर्ध्या अंशाचं, त्यामुळे नेम चांगला दहा चंद्रांनी चुकू शकतो. चंद्राची आणि सूर्याची आकाशातल्या वाटा एकमेकींना छेदतात त्या दोन बिंदूंना आपण राहू-केतू म्हणतो. अमावास्या किंवा पौर्णिमा त्यांच्याजवळ घडली तरच ग्रहण. 7 सप्टेंबर 2025च्या भाद्रपद पौर्णिमेला तसं झालं आणि रात्री अकरानंतर चंद्र तांबूस पडला.

पुढचा मोठा योग 2 ऑगस्ट 2027, दिव्यांची अमावास्या. इजिप्तमधल्या लक्झरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडे दुपार कलताना खंडग्रास. अमावास्येची भरती बाराच्या आसपास, म्हणजे सूर्याचा लचका तुटत असेल तेव्हा अलिबागचं पाणी उधाणाच्या ओहोटीने मागे हटत असेल. ग्रहणाचा चष्मा खिशात हवा, आणि ऑगस्टातल्या ढगांनी तासभर कृपा करायला हवी.